जल्दी (शब्द)

जल्दी (पर्यायी लेखन: जलदी) हा त्वरा, घाई किंवा थोड्या वेळात होणारी क्रिया दर्शवणारा फारसी मूळाचा शब्द आहे. हिंदी, उर्दू, गुजराती, पंजाबी, बंगाली अशा अनेक भारतीय भाषांत तो रूढ आहे. प्रमाण मराठीत याच मूळातून आलेला जलद हा शब्द लेखनात व औपचारिक बोलण्यात वापरला जातो, तर जल्दी हे रूप मुख्यतः बोलीत आढळते. अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांतील वऱ्हाडी बोलीत जल्दी हा रोजच्या व्यवहारातील शब्द असून तो प्रमाण मराठीतील लवकर आणि घाई या दोन्ही शब्दांची कामे करतो. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी व आसपासच्या दर्यापूर, अचलपूर, अकोट या भागांत त्याचा वापर सर्रास ऐकू येतो. ब्रिटिश सैनिकांमार्फत हा शब्द इंग्रजीतही गेला व तेथे जिल्डी या रूपात घाईचा अनौपचारिक शब्द म्हणून वापरला गेला.

व्युत्पत्ती

फारसीत जल्द या विशेषणाचा अर्थ चपळ, वेगवान असा आहे. त्याचा संबंध कणखर, दणकट या अर्थाच्या अरबी शब्दाशी जोडला जातो. फारसीत विशेषणाला ई हा प्रत्यय लागून भाववाचक नाम तयार होते. खुश–खुशी, गर्म–गर्मी, सर्द–सर्दी, नर्म–नर्मी या जोड्यांप्रमाणेच जल्द–जल्दी ही जोडी बनली. म्हणजे जल्दी हे मूळचे नाम असून त्याचा शब्दशः अर्थ चपळाई किंवा त्वरा असा होतो. हिंदी-उर्दूत ते क्रियाविशेषण म्हणूनही वापरले जाऊ लागले आणि वऱ्हाडी बोलीत त्याच्या दोन्ही भूमिका टिकून आहेत.

मराठीत जल्द या जोडाक्षरयुक्त शब्दाचा उच्चार सुटा होऊन जलद असे रूप झाले. शेवटच्या जोडाक्षराची अशी फोड फारसी-अरबीतून आलेल्या इतर शब्दांतही दिसते, उदाहरणार्थ वक्त–वखत, हुक्म–हुकूम, शर्म–शरम. माधव त्रिंबक पटवर्धन (माधव जूलियन) यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला. मराठीत मुरलेल्या अशा शब्दांच्या अभ्यासासाठी तो महत्त्वाचा मानला जातो.

संस्कृत जलद या शब्दाशी गल्लत

मराठीत जलद असेच लिहिले जाणारे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला फारसी मूळाचा, वेगवान या अर्थाचा. दुसरा संस्कृत, जल देणारा म्हणजे मेघ या अर्थाचा. वारिद, नीरद, अंबुद हे शब्द त्याच रीतीने बनलेले आहेत. दोन्ही शब्दांचे लेखन एकच असले तरी मूळ, अर्थ व वापराचे क्षेत्र यांत काहीही संबंध नाही. संस्कृत जलद काव्यात व नामवाचनात येतो, फारसी जलद व्यवहारात. जल्दी या रूपाबाबत मात्र अशी गल्लत संभवत नाही.

मराठीत प्रवेश

फारसी शब्द येण्यापूर्वी मराठीत त्वरादर्शक शब्दांची वाण नव्हती. संतवाङ्मयात वेगें, झडकरी, लवकरी, लवलाही, सत्वर असे शब्द आढळतात. त्यांपैकी लवकर आजही सर्वत्र चालतो, सत्वर औपचारिक लेखनापुरता उरला आहे, झडकरी व लवलाही जवळजवळ लोपले आहेत. फारसी राजभाषा असलेल्या राज्यांच्या काळात जलद, शिताब, शिताबी यांसारखे शब्द पत्रव्यवहारात आले. मराठेशाहीच्या कागदपत्रांत मजल दरमजल, कूच दरकूच अशा लष्करी हालचालींच्या संज्ञांबरोबर ते वावरतात. पुढे शिताबी मागे पडले व जलद टिकले. आज जलद हा शब्द परका आहे याची जाणीव बहुतेक मराठी भाषकांना नसते.

वऱ्हाडात फारसी व तिच्या संपर्कातील भाषांचा सहवास दीर्घकाळ होता. बहमनी राज्यानंतर इमादशाहीची राजधानी अचलपूर (एलिचपूर) येथे होती. १५७४ साली हा प्रदेश अहमदनगरच्या निजामशाहीकडे, १५९६ साली मोगलांकडे आणि १७२४ नंतर हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली गेला. नागपूरकर भोसल्यांचाही येथे अंमल होता. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला व १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रांतात मराठी व हिंदी भाषक एकाच प्रशासनात होते. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला.

याखेरीज कापसाच्या बाजारपेठांमुळे आलेले मारवाडी व्यापारी, शहरे व कसब्यांतील उर्दू-दखनी बोलणारी वस्ती आणि उत्तरेस मेळघाटापलीकडे लागून असलेला हिंदीभाषक प्रदेश यांच्याशी रोजचा संबंध राहिला. त्यामुळे वऱ्हाडीत जल्दी या शब्दाच्या रुजण्यामागे एकच कारण सांगता येत नाही. जुन्या कारभाराची फारसी, बाजारातील हिंदी आणि शेजारची दखनी या तिन्ही वाटांनी तो पक्का झाला असे मानणे सयुक्तिक ठरते.

अंजनगाव सुर्जी परिसर

अंजनगाव व सुर्जी ही शहानूर नदीकाठची जुळी गावे असून त्यांचे मिळून एक शहर झाले आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला रघूजी भोसले (दुसरे) यांच्याशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांच्याशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. कंपनीच्या बाजूने ही मोहीम आर्थर वेलस्ली याने चालवली होती. लढाई, किल्ला व दोन तह असा सगळा घटनाक्रम बत्तीस दिवसांत उरकला होता.

हा परिसर नागवेलीच्या पानमळ्यांसाठी व पानपिंपळीसाठी प्रसिद्ध आहे. बारी समाजाकडे पानमळ्याचे परंपरागत कसब आहे. नागवेलीचे पान नाशवंत असल्याने खुडणी, निवड, बांधणी व रवानगी ही कामे रेंगाळून चालत नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत अवकाळी पावसाची चिन्हे दिसली की उघड्यावरचा कापूस झाकण्यासाठीही अशीच धावपळ होते. त्वरेचे शब्द ज्या प्रसंगी सर्वाधिक कानी पडतात ते हे प्रसंग होत.

याच गावावरून मूर्तिजापूर–अचलपूर ही शकुंतला नावाने ओळखली जाणारी अरुंद मापाची रेल्वे धावत असे. ७६२ मिलिमीटर मापाच्या या सुमारे ७६ किलोमीटरच्या मार्गावर गाडीला साधारण चार तास लागत. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती, नंतर डिझेल इंजिन आले आणि पुढे ही सेवा बंद पडली. ज्याला खरोखर जल्दी असेल त्याच्यासाठी ती गाडी नव्हती. कमी भाडे व गावोगावचे थांबे यांमुळे मात्र ती गरीब प्रवाशांच्या सोयीची होती.

वऱ्हाडी बोलीतील अर्थ

वऱ्हाडी वाक्यांत जल्दीच्या पुढील अर्थछटा दिसतात. उदाहरणांतील मले, तुले ही चतुर्थीची रूपे, करून राह्यला ही चालू क्रियेची रचना, नोको हे निषेधवाचक, येजो–करजो ही पुढील काळासाठीची आज्ञार्थी रूपे आणि येईन–जाईन ही तृतीय पुरुषी भविष्यकाळाची रूपे ही या बोलीची ओळखीची लक्षणे आहेत.

१. वेगाने: जल्दी चाल बे, येष्टी निंघून जाईन. (लवकर चल रे, एसटी निघून जाईल.)
२. नेहमीच्या वेळेआधी: आज मास्तर जल्दी आले. (आज मास्तर लवकर आले.)
३. थोड्याच काळात: पाणी जल्दी येईन असं वाटते. (पाऊस लवकरच येईल असे वाटते.)
४. घाई (नाम): मले जल्दी आहे, मंग बोलू. (मला घाई आहे, नंतर बोलू.)
५. उतावीळपणा: जल्दी करून सौदा केला अन् फसला. (घाई करून सौदा केला आणि फसला.)

पहिल्या तीन वापरांत जल्दी हे क्रियाविशेषण आहे व तेथे प्रमाण मराठीत लवकर येतो. शेवटच्या दोन वापरांत ते स्त्रीलिंगी नाम आहे व तेथे घाई येते. प्रमाण मराठीत या दोन कामांची विभागणी काटेकोर आहे. लवकर ये असे म्हणता येते, पण घाई ये असे म्हणता येत नाही, तेथे घाईने ये असा प्रत्यय लावावा लागतो. उलट मला घाई आहे हे वाक्य शुद्ध, तर मला लवकर आहे हे अर्थहीन ठरते. वऱ्हाडीत जल्दी ये आणि मले जल्दी आहे ही दोन्ही वाक्ये सहज चालतात.

निषेधार्थी वाक्यांत अर्थ क्रियापदावरून ठरतो. जल्दी नोको करू म्हणजे घाई करू नकोस. जल्दी नोको जाऊ म्हणजे इतक्या लवकर जाऊ नकोस, आणखी थोडा वेळ थांब. निघालेल्या पाहुण्याला आग्रह करताना दुसरे वाक्य येते व त्यात आपुलकीचा भाव असतो.

प्रमाण मराठीतील जलद या शब्दाची व्याप्ती याहून मर्यादित आहे. त्यात केवळ वेगाचा अर्थ येतो, वेळेआधीचा येत नाही. जलद गाडी म्हणजे वेगवान किंवा कमी थांबे घेणारी गाडी, वेळेआधी आलेली गाडी नव्हे. सकाळी लवकर उठलो याऐवजी सकाळी जलद उठलो असे कोणी म्हणत नाही.

व्याकरण व रूपे

नाम म्हणून जल्दीला विभक्तिप्रत्यय लागतात: जल्दीनं, जल्दीत, जल्दीचं काम. क्रियाविशेषण म्हणून ते अविकारी असते. द्विरुक्तीने (जल्दी जल्दी) क्रियेची सलगता व वेग दोन्ही सूचित होतात: जल्दी जल्दी कापूस झाका, पाणी येऊन राह्यलं. च हे अव्यय लागल्यावर (जल्दीच येजो) वेगापेक्षा विलंब न करण्याची विनंती ठळक होते. जल्दबाज व जल्दबाजी ही साधित रूपे निंदाव्यंजक आहेत.

संबोधन व आदर

जल्दी कर हे आज्ञार्थी वाक्य सोबतच्या संबोधनाने सौम्य किंवा तिखट होते. बरोबरीच्या मित्राला बे जोडले जाते. तेच वडीलधाऱ्यांसमोर उद्धटपणाचे ठरते. गावातील ज्येष्ठ पुरुषाशी बोलताना गा किंवा जी येतो: जल्दी चाला जी. आईशी एकेरीत बोलण्याची रीत असल्याने माय, जल्दी वाढ वं, शायेची घंटी होऊन राह्यली, असे वाक्य स्वाभाविक व लडिवाळ मानले जाते. बापा हे संबोधन काकुळती किंवा आश्चर्य दर्शवते: जल्दी येजो बापा. अशा शब्दांविना उच्चारलेले नुसते जल्दी कर हे हुकमासारखे वाटू शकते.

मराठीतील इतर त्वरादर्शक शब्द

मराठीच्या वेगवेगळ्या बोलींत व वापरक्षेत्रांत या अर्थाचे अनेक शब्द आहेत.

गडबड: पश्चिम व दक्षिण महाराष्ट्रात गडबड म्हणजे घाई. गडबड नाही, सावकाश या, हे तेथील नेहमीचे बोलणे. विदर्भात हिंदीच्या प्रभावाने गडबड म्हणजे घोटाळा, बिघाड असा अर्थ अधिक जाणवतो. त्यामुळे कोल्हापूरकडच्या माणसाने मी गडबडीत आहे म्हटल्यास वऱ्हाडी श्रोत्याला तो अडचणीत असल्याचा समज होऊ शकतो.

बिगीबिगी व बेगीन: वेग या शब्दाशी संबंधित ही रूपे अनुक्रमे पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीत आणि मालवणी-कोकणीत आढळतात.

अनुकरणवाचक क्रियाविशेषणे: झटकन, पटकन, चटकन, झटदिशी, पटदिशी ही क्षणात संपणाऱ्या क्रियेसाठी येतात. पटापट, भराभर, धडाधड, झपाझप ही एकामागून एक होणाऱ्या क्रियांसाठी येतात. म्हणून दिवा पटकन लावला असे म्हणतात, पण दिवे पटापट लावले असे म्हणतात.

लगबग, धांदल, तारांबळ: लगबगीत उत्साह असतो, धांदलीत गोंधळ आणि तारांबळीत त्रेधा. तारांबळ हा शब्द विवाहप्रसंगी म्हटल्या जाणाऱ्या मंगलाष्टकांतील ताराबल या पदाशी जोडला जातो. लग्नकार्यातील धावपळीवरूनच लगीनघाई हा शब्द रूढ झाला.

त्वरित, तात्काळ, सत्वर, शीघ्र, द्रुत: हे संस्कृत शब्द शासकीय व तांत्रिक भाषेत येतात, जसे शीघ्र कृती दल, द्रुतगती मार्ग.

जलद या शब्दानेही औपचारिक क्षेत्रात स्थान मिळवले आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत धीमी व जलद अशी गाड्यांची विभागणी आहे. विशेष न्यायालयांना जलदगती न्यायालय म्हणतात. हिंदुस्थानी संगीतात द्रुत लयीसाठी मराठी गायक-वादक जलद हा शब्द वापरतात. एकाच मूळाच्या दोन रूपांपैकी एक न्यायालयाच्या पाटीवर पोहोचले व दुसरे अंगणातच राहिले, हा फरक शब्दाच्या अर्थामुळे पडला नाही. ते शब्द कोण बोलते यावरून तो पडला.

म्हणी

जल्दी का काम शैतान का, ही हिंदी-उर्दूतील म्हण वऱ्हाडातही परिचित आहे. घाई सैतानाकडून येते, या आशयाचे वचन अरबी धार्मिक परंपरेत आढळते. मराठीत याच बोधाची उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण आहे, तर अति घाई संकटात नेई हे वाक्य रस्त्यांवरील फलकांमुळे सर्वतोमुखी झाले. या सर्वांत निंदा वेगाची नसून अविचाराची आहे.

वेग व अविचार यांतील भेद व्यवहारात मोलाचा ठरतो. सर्पदंशाच्या प्रसंगी रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते, परंतु रुग्णाने स्वतः धावणे किंवा चालणे टाळावे व दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. येथे नेणाऱ्यांनी जल्दी करायची आहे, रुग्णाने नव्हे.

इंग्रजीतील जिल्डी

भारतात तैनात ब्रिटिश सैनिकांच्या बोलण्यात जल्दी हा शब्द शिरला व इंग्रजीत त्याची जिल्डी, जुल्डी अशी रूपे झाली. रुडयार्ड किपलिंग याच्या १८९० सालच्या गंगा दीन या कवितेत पाणक्याला घाई करायला सांगणाऱ्या सैनिकाच्या तोंडी हा शब्द आहे. पहिल्या महायुद्धातील सैनिकी बोलीत तो नाम, क्रियाविशेषण व आज्ञा अशा तिन्ही प्रकारे वापरला जाई. वऱ्हाडीप्रमाणेच तेथेही त्याने नाम व क्रियाविशेषण ही दोन्ही कामे केली. आज तो इंग्रजीत जुनाट समजला जातो.

याच सैनिकी बोलीत देखो वरून डेक्को (एक नजर) आणि विलायती वरून ब्लाइटी (मायदेश) हे शब्द तयार झाले. महाराष्ट्राशी थेट संबंध असलेला शब्द म्हणजे डूलाली. नाशिकजवळील देवळालीच्या छावणीत मायदेशी परतणाऱ्या सैनिकांना जहाजासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागे. त्या कंटाळवाण्या प्रतीक्षेवरून डूलाली म्हणजे डोके फिरलेला असा अर्थ इंग्रजीत रूढ झाला. घाईचा एक शब्द व खोळंब्यातून आलेला एक शब्द असे दोन्ही इंग्रजीला याच प्रवासात मिळाले.

बोली, शाळा व शासनव्यवहार

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद आहे. मराठीच्या आद्य गद्यग्रंथांत गणल्या जाणाऱ्या लीळाचरित्राशी निगडित रिद्धपूर हे स्थान अमरावती जिल्ह्यातच असून तेथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. असे असूनही वऱ्हाडी बोलणे अशुद्ध, आणि जल्दीसारखे शब्द हिंदी म्हणून त्याज्य, असा समज शाळांतून व शहरी वर्तुळांत आढळतो. भाषिकदृष्ट्या हा समज टिकत नाही, कारण प्रमाण मानला गेलेला जलद हा शब्दही त्याच फारसी मूळाचा आहे. जल्दी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनाची प्रमाण रूपे शिकवणे आणि त्याच्या घरची भाषा चुकीची ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शासकीय सूचनांत येणारे तात्काळ, सत्वर, विहित मुदतीत हे शब्द बोलीभाषकाला दूरचे वाटू शकतात आणि त्यांतून नेमकी मुदतही कळत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने झालेल्या पीकनुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट होती. अशा ठिकाणी तात्काळ कळवावे एवढेच सांगितल्यास शेतकऱ्याचा हक्क बुडू शकतो. तीन दिवसांच्या आत, जल्दी कळवा, असे त्याच्या बोलीत सांगितल्यास मुदत व निकड दोन्ही पोहोचतात. त्वरादर्शक शब्द हे मुळात सापेक्ष असतात. नेमका काळ आकड्यातच सांगावा लागतो, आणि शब्द ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असावा लागतो.

हे सुद्धा पाहा

वऱ्हाडी बोली
अंजनगाव सुर्जी
सुर्जी-अंजनगावचा तह
शकुंतला रेल्वे
मराठीतील फारसी शब्द